बाजारात ग्राहकाचा शब्द

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. भाजीबाजारासाठी मोठी, दिमाखदार इमारत बांधण्याचा विचार तेव्हा पुढे आला आणि फुल्यांनी त्याला विरोध केला. नगरपालिकेचा पैसा आधी गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत शेवटी झालीच. १८८६ साली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचंच नाव मिळालं. नावाची ही कथा पुणेकरांना पाठ आहे. मला त्यातली दुसरी बाब मोलाची वाटते. बाजार कुठे आणि कसा असावा, त्यावर गावाचा किती पैसा जावा, हे प्रश्न त्या वेळी चव्हाट्यावर मांडले गेले आणि त्यावर उघड मतभेद झाले. खरेदीची जागा हा सगळ्या गावाचा प्रश्न आहे, एवढं दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या.

त्यानंतरच्या काळात आपली खरेदी वाण्याच्या फळीवरून सहकारी भांडारात, तिथून मॉलमध्ये आणि मॉलमधून फोनच्या पडद्यावर आली. सोय वाढत गेली, यात वाद नाही. पण सहकारी भांडारानंतर बाजारातला ग्राहकाचा शब्द कमी होत गेला. सोय हवी तर शब्द सोडावाच लागतो, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. मला हे गृहीतच मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी मुंबईच्या गिरणगावाइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. परळ, लालबाग, नायगाव, लोअर परळ एवढ्याशा परिसरात खरेदीचे हे सगळे टप्पे एकामागून एक येऊन गेले आहेत.

चाळीच्या तळमजल्यावरच्या वाण्यापासून सुरुवात करू. फळीवर तराजू, छताला टांगलेलं दोऱ्याचं रीळ, रद्दीच्या कागदाची पुडी आणि गल्ल्याशेजारी लाल कापडात बांधलेली वही. गिरणीचा पगार झाला की त्या वहीतली बाकी चुकती व्हायची आणि दुसऱ्या दिवसापासून नवी बाकी चढू लागायची. गावाकडे मनीऑर्डर गेल्यावर हातात जे उरायचं, त्यात महिना निघत नसे. अशा वेळी वाण्याची उधारी हाच आधार असायचा. आजारपण आलं, गिरणीत खाडे झाले, तरी चूल पेटत राहायची ती या वहीमुळे. माणूस ओळखीचा, त्याचं घर ओळखीचं, म्हणून कागदपत्राशिवाय पत मिळत होती.

पण या ओळखीचं ओझंही मोठं होतं. उधारीवाल्याला तांदळातल्या खड्यांबद्दल तोंड उघडता येत नसे. भाव रोखीवाल्यापेक्षा चढा लागला तरी मुकाट्याने घ्यावा लागे, आणि मापात मारलं तरी दुसरं दुकान गाठता येत नसे, कारण तिथे पत नव्हती. गावाकडच्या दुकानांत तर ओळख म्हणजे आधी जात. पायरीखाली उभं राहायचं, पैसे लांबून टाकायचे आणि वरून टाकलेला जिन्नस ओट्यात झेलायचा, हा अनुभव दलित आत्मकथनांनी पुन्हा पुन्हा नोंदवला आहे. म्हणून जुन्या दुकानाच्या आपुलकीचे गोडवे गाताना मला संकोच वाटतो. ती आपुलकी सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती.

या अवस्थेला गिरणगावाने स्वतःच उत्तर शोधलं. १९४८ साली नायगावात कामगारांनी एकत्र येऊन ग्राहकांची सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस तिचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर नायगावातच उभं राहिलं. आज हे वाचताना साधं वाटेल, पण त्यातली कल्पना धाडसाची होती. ज्याला वाण्याच्या वहीत आपली बाकी किती लिहिली आहे हे विचारायची चोरी होती, तो माणूस इथे दुकानाचा सभासद, म्हणजे मालकांपैकी एक झाला. वार्षिक सभेत उभं राहून हिशेब मागण्याचा हक्क त्याला मिळाला. कामगार वस्तीतल्या माणसाने एकाच छताखाली धान्य, कापड, भांडी स्वतः हाताळून घ्यावीत, ही गोष्ट मुंबईत मॉल येण्याच्या कितीतरी आधी घडली होती.

त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ मध्ये टाकलं. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. टंचाई आणि साठेबाजीचे ते दिवस होते. पंचायतीने दुकान काढलंच नाही. शेजारपाजारच्या दहाबारा कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक खरेदी करायची आणि माल थेट संघाकडे पोचवायचा, अशी ही पद्धत. वाटपाचा दिवस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येणार नाही. टेम्पो येतो, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पोती आणि खोके उतरतात, सतरंजीवर यादी पसरली जाते. एक जण नावं वाचते, दुसरी वजन तपासते, तिसरी पिशव्यांवर खुणा करते. डाळीला कीड लागली असेल तर ती तिथल्या तिथे बाजूला काढली जाते आणि तक्रार लिहून पाठवली जाते. हा सगळा व्याप मुख्यतः बायकांनी सांभाळला. कुठल्या गिरणीचं तेल चांगलं, कुठल्या साबणाची जाहिरातच मोठी, याचा निवाडा त्यांनी चर्चा करून केला. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता.

म्हणजे मॉलच्या आधीच्या महाराष्ट्रात फक्त कोपऱ्यावरचा वाणी होता आणि मग एकदम चकचकीत दुकानं आली, असा जो समज आहे तो अपुरा आहे. मधल्या काळात ग्राहकांनी स्वतःचा बाजार उभा करून दाखवला होता. आपल्या आठवणीतून नेमका तोच काळ निसटला आहे.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसं मात्र हळूहळू गावाला, वॉचमनच्या नोकऱ्यांना, फेरीच्या धंद्याला लागली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं घर हे अशा हजारो घरांपैकी एक आहे. माणसांचं काम गेलं, पण जमीन जागेवरच होती, आणि तिचा भाव वाढत होता. मुंबईतल्या गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिच्या विकासाची वाटणी ठरवली : ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकांना. २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची न होता फक्त मोकळ्या पडलेल्या भागाची होईल, असं ठरलं. ज्या जमिनीवर शेड आणि चिमण्या उभ्या होत्या ती मोकळी धरली जात नव्हती, त्यामुळे शहराचा वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल शहराच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ पासूनची. तिच्या आवारात हाय स्ट्रीट फिनिक्स आणि पॅलेडियम हे मॉल उभे राहिले, आणि जुनी चिमणी मधोमध शोभेसाठी राखली आहे. मॉल आला म्हणून गिरणी बंद पडली, असं मी म्हणणार नाही. गिरणधंद्याच्या दुखण्याची कारणं वेगळी आणि जुनी होती. माझा आक्षेप पुढच्या भागाला आहे. एका शहराचा एवढा मोठा तुकडा रिकामा होत असताना तिथे लोकांना कसला बाजार हवा आहे, मंडई हवी आहे की मैदान, हा प्रश्न नागरिकांपुढे मांडलाच गेला नाही. तो नियमातल्या एका शब्दरचनेने निकालात काढला.

मुंबईतल्या सुरुवातीच्या मॉलपैकी एक म्हणजे १९९९ मध्ये हाजीअलीजवळ सुरू झालेला क्रॉसरोड्स. ज्याच्याजवळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याच्याकडून आत जाण्यासाठी पैसे घ्यायचे, अशी पद्धत तिथे काही काळ होती. ती टिकली नाही, पण तिने एक गोष्ट उघड केली. क्रॉफर्ड मार्केटच्या दारात आजवर कुणी कुणाचा खिसा विचारलेला नाही. बाजारात शिरणं हा हक्क होता. इथे ती परवानगी झाली. आता तसे पैसे कुणी मागत नाही. तरी मळक्या कपड्यांतला, हातात फावडं घेतलेला माणूस मॉलच्या दाराशी आला तर काय होतं, हे आपण सगळे जाणतो.

असं असूनही मॉलने जे दिलं ते कबूल केलंच पाहिजे, नाहीतर ही टीका नुसतं गाऱ्हाणं ठरेल. वस्तूवर किंमत छापलेली असल्यामुळे चेहरा, पेहराव किंवा भाषा पाहून भाव सांगणं बंद झालं. मॉलमध्ये कुणी आडनाव विचारत नाही. गावात ज्याच्या आजोबांना पायरीखाली उभं राहावं लागलं, तो इथे हवी ती वस्तू हातात घेऊन पाहतो आणि न घेता परत ठेवतो. अनोळखी असण्यातली ही प्रतिष्ठा हलकी मानण्याचा अधिकार ज्यांना ओळखीचे चटके कधी बसले नाहीत त्यांना नाही. बायकांना स्वच्छतागृह मिळालं, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर निर्धास्त फिरण्याची जागा मिळाली. दोन खोल्यांच्या घरातल्या तरुण मुलांना गारव्यात तास-दोन तास बसता आलं. या गोष्टी शहराने सार्वजनिक जागांमधून द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या नाहीत, म्हणून लोक त्या मॉलमध्ये शोधायला गेले. मॉलच्या लोकप्रियतेत माणसांच्या हावरटपणापेक्षा महापालिकांच्या उणिवांचा वाटा मोठा आहे.

त्या बदल्यात काही गोष्टी गेल्या. घासाघीस गेली आणि तिच्याबरोबर भावावर बोलण्याची सवयही गेली. समोर उभा असलेला विक्रेता ना मालक असतो, ना भाव ठरवणारा. तो दिवसभर उभा राहून दमलेला पगारी माणूस असतो. विक्रेत्यांना कामाच्या वेळात बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळातल्या कापडदुकानांतल्या बायकांना लढावं लागलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली. काउंटरच्या दोन्ही बाजूंची माणसं सारखीच निर्णयापासून लांब गेली होती.

मॉलची चैन ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यापर्यंत हा बदल बिग बझार आणि डीमार्टने नेला. २६ जानेवारी २००६ च्या ‘सबसे सस्ता दिन’ला बिग बझारच्या दुकानांपुढे इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी दारं बंद करावी लागली. बिग बझारच्या किशोर बियाणींनी आपल्या लोकांची सवय ओळखली होती. धान्य उघड्या पिंपांत ठेवलं, वाटा मुद्दाम गर्दीच्या ठेवल्या, माणसाला मूठभर डाळ हातात घेऊन पाहू दिली. पण उसनवारीवर वाढलेला तो पसारा टिकला नाही. २०२२ मध्ये बिग बझारची दुकानं रिलायन्सच्या हातात गेली.

डीमार्टच्या राधाकिशन दमाणींची गोष्ट माझ्या मुद्द्याच्या जास्त जवळची आहे. २००२ मध्ये पवईत पहिलं डीमार्ट काढण्यापूर्वी त्यांनी नेरुळमध्ये ‘अपना बाजार’ची फ्रँचाइजी चालवून पाहिली होती. ती रीत त्यांना पटली नाही आणि त्यांनी स्वतःची बसवली. जागा शक्यतो स्वतःची, सजावट बेताची, खरेदी घाऊक, पुरवठादाराला पैसे लवकर आणि ग्राहकाला भाव कमी. घाऊक घ्या, खर्च काटा आणि वाचलेलं ग्राहकाला द्या, हे सहकारी भांडाराचंच तत्त्व. ते शिस्तीने राबवलं की किती फळतं, हे डीमार्टने दाखवलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. फरक एकच राहिला. अपना बाजारचा सभासद वार्षिक सभेत प्रश्न विचारू शकत होता; डीमार्टचा ग्राहक रांगेत ट्रॉली ढकलतो. स्वस्ताई त्याला मिळते, पण ती उद्या किती राहील, कुठल्या मालावर राहील, हे त्याच्या हातात नाही.

सहकाराची घसरण का झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. अनेक सहकारी भांडारं काउंटरमागच्या माणसांच्या बेफिकिरीने, संचालकांच्या राजकारणाने आणि रिकाम्या फळ्यांनी बुडाली. सभासद सभेला जाईनासे झाले. शब्द वापरला नाही तर तोही गंजतो. पण कारभार वाईट होता म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. खासगी दुकानंही वाईट कारभाराने बुडतात. तेव्हा कुणी खासगी व्यापाराचीच कल्पना मोडीत काढत नाही.

आता शेवटचा टप्पा. २०१६ मध्ये यूपीआय आलं, टाळेबंदीने घरपोच मालाची सवय लावली, आणि २०२१ मध्ये मुंबईतच झेप्टो सुरू झालं. कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येऊ लागली. म्हातारी माणसं, तान्ह्या बाळांच्या आया, आजारी माणसं यांना याचा खरा उपयोग आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण या खरेदीत ग्राहकाला दिसतं काय, ते पाहा. वस्तूची किंमत एक दिसते. शेवटच्या पायरीवर हाताळणी शुल्क, पोचवणुकीचं शुल्क, कधी पावसाचा अधिभार चढतो. ‘दोनच शिल्लक’ अशी सूचना झळकते, ती खरी की खोटी हे तपासायला मार्ग नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईला तीच वस्तू त्याच क्षणी त्याच भावाने मिळते आहे का, हेही कळत नाही. मंडईत बाजूच्या गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव कानावर पडायचा आणि त्यातून आपल्याला बळ यायचं. पडद्यासमोर प्रत्येक ग्राहक एकटा आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तिचे तेरा प्रकार नोंदवले : खोटी घाई करणं, न मागता टोपलीत वस्तू टाकणं, शेवटी किंमत फुगवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं वगैरे. दुकानदाराच्या लबाडीला कायद्याने वेगळं नाव देण्याची वेळ यावी, यातच ग्राहकाची एकाकी अवस्था दिसते. दुसऱ्या टोकाला आहे तो पाठीवर पेटी घेऊन सिग्नल चुकवत धावणारा मुलगा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासारख्या कामगारांची व्याख्या आली, पण आपली दहा मिनिटं त्याच्या जिवावर मोजली जातात, याचा विचार बटण दाबताना आपल्या मनात येत नाही. गोदामं दिसत नाहीत, माणूस क्षणभर दिसतो, मालक तर कधीच दिसत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : लोकांनी आपखुशीने निवड केली, तुम्ही कोण सांगणार? निवड खरीच असती तर मी गप्प बसलो असतो. पण जवळची मंडई पुनर्विकासाच्या पत्र्याआड वर्षानुवर्षं अडकलेली, फुटपाथवरच्या भाजीवाल्याची गाडी दर आठवड्याला उचललेली, कामावरून घरी यायला रात्रीचे नऊ वाजलेले, अशा परिस्थितीत फोन उघडणाऱ्या बाईला आपण ‘तिने निवडलं’ असं म्हणू शकत नाही. बाकीचे रस्ते बंद करून उरलेल्या एकाला निवड म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही.

मग करायचं काय? मॉल पाडा, अ‍ॅप काढून टाका, असं मी म्हणत नाही. मागण्या साध्या आहेत. शहराच्या विकास आराखड्यात मंडईसाठी भूखंड राखलेले असतात. ते मंडईच होऊन लोकांना मिळाले पाहिजेत, आणि जुन्या मंडयांच्या पुनर्विकासात भाजी-मासळीवाल्यांना तळमजला मिळाला पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्या समित्या जिवंत झाल्या पाहिजेत आणि ग्राहकांनी तिथे आपलं म्हणणं नेलं पाहिजे. निवासी इमारतीखाली पोचवणुकीचं गोदाम सुरू करायचं असेल तर परवानगीआधी आसपासच्या रहिवाशांना विचारलं जावं. अ‍ॅपवर सगळ्या शुल्कांसह पूर्ण किंमत पहिल्याच पायरीवर दिसावी.

आणि एक गोष्ट सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येण्यासारखी आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांनी शेतकऱ्यांच्या गटांकडून थेट भाजी मागवली. गेटवर टेम्पो यायचा, वॉट्सअ‍ॅपवर यादी व्हायची, जिन्याजिन्याने वाटप व्हायचं. ग्राहक पंचायतीचा संघ वेगळा काय होता? मागणी एकत्र करण्याचं जे काम पूर्वी चार बायकांना आठवडाभर पुरायचं, ते आज फोनवर एका संध्याकाळी होतं. ज्या तंत्राने आपल्याला एकेकटं केलं, तेच आपल्याला एकत्रही आणू शकतं. टाळेबंदी उठली आणि आपण ते सोडून दिलं, कारण एकट्याने बटण दाबणं त्याहून सोपं होतं.

इथेच मी सुरुवातीला नाकारलेल्या गृहीतकाचं उत्तर आहे. सोय आणि शब्द एकत्र नांदू शकतात. नायगावच्या भांडारात ते नांदले, सोसायटीच्या गेटवरही नांदले. शब्दाला थोडा वेळ द्यावा लागतो, शेजाऱ्याशी बोलावं लागतं, सभेला जावं लागतं, एवढाच त्याचा खर्च आहे. भाव, वजन, जागा आणि माल आणून देणाऱ्याच्या कामाच्या अटी यांवर बोलण्याचा अधिकार एकेकट्याने मागून मिळत नाही, हे १९४८ च्या कामगारांना कळलं होतं. त्यांच्या खिशात आपल्यापेक्षा खूप कमी पैसे होते, तरी बाजारात त्यांचा शब्द आपल्यापेक्षा मोठा होता. आपल्याला तो परत मिळवता येईल, आणि मिळवायला हवा.